मुलांच्या ॲलर्जीसाठी स्टिरॉइडचे नाकातले स्प्रे : कोणता घ्यावा, कसा मारावा

स्टिरॉइडचे नाकातले स्प्रे शेजारी शेजारी मांडले तर एका आईची लेकरं वाटतात. पांढरी बाटली, वर टोपण, आत दुधाळ पाणी. औषध म्हणूनही त्यांच्या गुणात फार अंतर नाही. शिंका, नाकाची खाज, गळणारं पाणी आणि चोंदलेलं नाक या चारही तक्रारी यातला कुठलाही स्प्रे कमी करतो, आणि चोंदलेल्या नाकावर तर ॲलर्जीच्या गोळ्या-सिरपपेक्षा सरस ठरतो. मुलासाठी निवडताना बघायचं ते वेगळंच: औषध रक्तात किती उतरतं, कितव्या वर्षापासून चालतं, आणि बाटलीचं टोक व पंप लहान नाकाला झेपतो का. चौथी गोष्ट बाटलीत मिळत नाही, ती म्हणजे फवारा नाकात कुठल्या दिशेने जातो. दहापैकी गुण द्यायचे झाले तर पाच या दिशेलाच द्यावे लागतील. म्हणून हे परीक्षण अर्धं बाटल्यांचं आहे आणि अर्धं हाताचं.

आधी गल्लत दूर करू

नाक 'लगेच मोकळं' करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे स्प्रे ही वेगळी जात आहे. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून काही मिनिटांत आराम देतात. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त ओढले तर औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि मग पुन्हा फवारा, पुन्हा चोंदणं हे चक्र सुरू होतं. लहान मुलाच्या पोटात ते थोडं जरी गेलं तरी गुंगी येणं, नाडी मंद होणं असे गंभीर परिणाम होऊ शकतात. बाटल्यांचा आकार मात्र सारखाच असतो. घरात दोन्ही असतील तर त्या एकाच खणात ठेवू नयेत. तिसरी बाटली साध्या मिठाच्या पाण्याची. ती निरुपद्रवी, पण ती औषध नव्हे, झाडू आहे.

स्टिरॉइड स्प्रे याच्या उलट, सावकाश कामाला लागतो. तो पेशींच्या आत शिरून सूज निर्माण करणारी यंत्रणाच मंदावतो, त्यामुळे पहिला फरक जाणवायला काही तास ते एक-दोन दिवस आणि पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात. 'दोन दिवस मारला, काही उपयोग नाही' हा निकाल घाईचा असतो. ज्या मुलाला ठरावीक ऋतूतच त्रास होतो, त्याचा स्प्रे तो काळ सुरू होण्याआधी आठवडा-दोन आठवडे चालू करणं म्हणूनच शहाणपणाचं.

आणि 'स्टिरॉइड' हा शब्द. व्यायामशाळेत ज्यांची चोरून चर्चा होते ती स्नायू फुगवणारी स्टिरॉइड वेगळी. इथली कॉर्टिकोस्टिरॉइड, म्हणजे सूज उतरवणारी. त्यांची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत आला तर ती ॲलर्जी परतलेली असते, तलफ नव्हे.

रक्तात किती उतरतं

पालकांच्या काळजीचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. फवाऱ्यातलं बरंचसं औषध नाकात टिकत नाही. नाकाच्या आतल्या त्वचेवरचे सूक्ष्म केस शेंबडाचा थर सतत घशाकडे ढकलत असतात, त्याबरोबर औषधही मागे सरकतं आणि गिळलं जातं. पुढे सगळा प्रश्न यकृताचा. काही औषधं यकृतातून पहिल्याच फेरीत जवळजवळ पूर्ण नष्ट होतात, काही नाही.

मोमेटासोन फ्युरोएट रक्तात १ टक्क्यापेक्षा कमी पोचतं. फ्लुटिकासोन फ्युरोएट सुमारे अर्धा टक्का, फ्लुटिकासोन प्रोपियोनेट २ टक्क्यांच्या आत. ब्युडेसोनाइड सुमारे एक तृतीयांश. ट्रायमसिनोलोन आणि बेक्लोमेथासोन ४० टक्क्यांच्या पुढे. हे आकडे वाचून लगेच दचकू नये, कारण मुळात फवाऱ्यातली मात्राच मायक्रोग्रॅममध्ये असते. तरीही वर्षानुवर्षं घ्यावं लागण्याची शक्यता असेल, तर पहिल्या तिघांतलं एक निवडण्याला ठोस कारण आहे.

उंचीवरच्या अभ्यासांतही साधारण हीच उतरंड दिसते, एक अपवाद सोडून. बेक्लोमेथासोन १६८ मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, असं वर्षभर घेतलेली ६ ते ९ वर्षांची मुलं सरासरी ५.० सेंमी वाढली. नुसता औषधाविना फवारा घेतलेली ५.९ सेंमी. ट्रायमसिनोलोन रोज ११० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत वर्षाला सुमारे ०.४५ सेंमीचा फरक निघाला. फ्लुटिकासोन फ्युरोएट रोज ११० मायक्रोग्रॅमला सुमारे ०.२७ सेंमीचा. रक्तात अर्धा टक्काच जाऊनही फरक मोजता आला, हा तो अपवाद. मात्र ११० ही मुलांच्या सुरुवातीच्या मात्रेच्या दुप्पट आहे, हेही लक्षात घ्यावं. मोमेटासोन रोज १०० मायक्रोग्रॅम, फ्लुटिकासोन प्रोपियोनेट रोज २०० आणि ब्युडेसोनाइड रोज ६४ यांच्या वर्षभराच्या अभ्यासांत वाढीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही.

हे सरासरीचे आकडे आहेत. एखादं मूल सरासरीपेक्षा जास्त संवेदनशील असू शकतं. उपाय सोपा आहे. रोजचा स्प्रे महिनोन्महिने चालणार असेल तर सुरू करतानाच उंची मोजून लिहून ठेवावी आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, दिवसाच्या साधारण त्याच वेळी. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते, आणि आपण शोधतोय तो फरक मिलिमीटरचाच असतो.

एकेक बाटली

*मोमेटासोन फ्युरोएट.* लहान मुलांसाठी आमची पहिली पसंती. अमेरिकेच्या लेबलवर २ वर्षांपासून, काही देशांत ३ वर्षांपासून. एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम. ११ वर्षांपर्यंत प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा एक फवारा, एकूण १००. बारा वर्षं पूर्ण झाली की प्रत्येकी दोन. वास नाही, चव नाही, झोंबणं कमी. उणीव पंपाची. नवी बाटली चालू करताना बऱ्याच उत्पादनांत दहा वेळा हवेत दाबावी लागते आणि आठवडाभर पडून राहिली तर पुन्हा दोनदा. शिवाय पंप वरून खाली दाबायचा असल्याने दाबताना बाटली हलते आणि टोक नाकाच्या आत टोचतं. प्रौढ माणूस हे सहन करतो, चार वर्षांचं मूल दुसऱ्या दिवशी बाटली बघूनच पळतं.

*फ्लुटिकासोन फ्युरोएट.* बनावटीत हा सगळ्यांत विचारपूर्वक केलेला. टोक आखूड, दाबायचं बटण बाजूला, त्यामुळे बोटाचा जोर नाकाच्या दिशेने जातच नाही. आत किती औषध उरलं हे दिसायला छोटी खिडकी. फवारा बारीक, मात्रा २७.५ मायक्रोग्रॅम, आणि पाणी कमी असल्याने घशात ओघळतही कमी. अमेरिकेत २ वर्षांपासून, युरोपात ६ वर्षांपासून. मुलांना प्रत्येक नाकपुडीत एकापासून सुरुवात, म्हणजे दिवसाला ५५. भागलं नाही तर डॉक्टर दोन सांगू शकतात, आणि आटोक्यात आलं की परत एकावर यायचं. पहिल्या वेळी सहा वेळा हवेत दाबायचं. महिनाभर न वापरल्यास किंवा टोपण पाच दिवस उघडं राहिल्यास पुन्हा. बटण मात्र ठाम दाबावं लागतं, अंगठा हळू चालला तर फवाऱ्याऐवजी थेंब येतो. नाक टोचलं म्हणून स्प्रे नाकारणाऱ्या मुलासाठी हा मोमेटासोनच्याही आधी.

*फ्लुटिकासोन प्रोपियोनेट.* नाव अर्धं सारखं, औषध वेगळं. एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, ४ वर्षांपासून, नेहमीची मात्रा प्रत्येक नाकपुडीत एक. चिठ्ठीवर नुसतं 'फ्लुटिकासोन' असेल तर कुठलं ते विचारल्याशिवाय घेऊ नये. एकाची फवाऱ्यांची संख्या दुसऱ्याला लावली की मात्रा चुकते. औषध उत्तम, वर्षानुवर्षांचा अनुभव पाठीशी. पण बऱ्याच उत्पादनांत फेनिलइथाइल अल्कोहोल असतं आणि त्याला गुलाबासारखा वास येतो. काही मुलांना तो आवडतो, काहींना मळमळतं, आणि वासाने शिंका येणाऱ्या मुलाला तर हा देणं म्हणजे आगीत तेलच. थंड हवेत झोंबतोही.

*ब्युडेसोनाइड.* अमेरिकेच्या लेबलवर ६ वर्षांपासून. सहा ते अकरा वर्षांसाठी प्रत्येक नाकपुडीत ३२ मायक्रोग्रॅमचा एक फवारा ही सुरुवातीची मात्रा. इथे सापळा ताकदीचा: एका फवाऱ्यात ३२, ६४ किंवा आणखी वेगळी मात्रा असलेल्या बाटल्या मिळतात. 'मागच्या वेळेसारखाच एक फवारा' म्हणत दुप्पट मात्रा जाऊ शकते. जमेची बाजू अशी की काही उत्पादनांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक (औषध नासू नये म्हणून घातलेलं रसायन) नसतं, पोटॅशियम सॉर्बेट असतं. बाकी बहुतेक स्प्रेंमध्ये बेन्झाल्कोनियम असतं आणि काही नाकांना तेच झोंबतं. दोन वेगवेगळे स्प्रे बदलूनही जळजळ थांबत नसेल, तर औषधाऐवजी संरक्षकाचं नाव वाचावं.

*ट्रायमसिनोलोन.* बिनवासाचा, २ वर्षांपासून. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळू लागलेला हा पहिला स्टिरॉइड स्प्रे, २०१३ सालचा. थोड्या दिवसांच्या वापराला चांगला. सतत चालवायचा असेल तर वरचा ०.४५ सेंमीचा आकडा आठवावा.

*बेक्लोमेथासोन.* या घराण्यातला थोरला. मुलासाठी नवे पर्याय हाताशी असताना याच्याकडे जायचं कारण उरलेलं नाही.

*बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोनचे थेंब.* हे रक्तात भरपूर उतरतात. लांबवर वापरल्याने मुलांचा चेहरा गोल होणं, वजन वाढणं, उंची खुंटणं, शरीरातली स्वतःची स्टिरॉइड निर्मिती दबणं असे प्रकार नोंदले गेलेले आहेत. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिले तर तितकेच दिवस. उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवण्याची वस्तू नाही.

*ॲझेलास्टिन अधिक फ्लुटिकासोन.* दुहेरी औषध, म्हणजे ॲलर्जीविरोधी ॲझेलास्टिन आणि स्टिरॉइड एकाच बाटलीत. लवकर गुण देणारं, पण कडू. घशात उतरलं की मूल तोंड वाकडं करतं. किमान वय देशागणिक ६ ते १२. एकट्या स्टिरॉइडने नीट पद्धतीने दोन-चार आठवडे घेऊनही भागलं नाही, तर ही पुढची पायरी, पहिली नव्हे.

फवारा मारायची रीत

नाक शिंकरून मोकळं करावं. भरलेल्या नाकात मारलेलं औषध शेंबडावर बसतं आणि पुढच्या शिंकेबरोबर बाहेर येतं. खूप घट्ट असेल तर मिठाच्या पाण्याने धुऊन दहा-पंधरा मिनिटं थांबावं. धुणं आधी, औषध नंतर. हा क्रम उलटा झाला की औषध वाहून जातं.

बाटली हलवावी. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे कण तरंगत असतात आणि तळाशी बसतात. न हलवता मारलं तर मात्रा कधी कमी, कधी जास्त, असा कारभार होतो.

मग डोकं. ते मागे टाकायचं नाही. नाकात थेंब घालायची जुनी सवय हात धरून मान मागे नेते, आणि तिथेच सगळं चुकतं: औषध नाकाच्या तळावरून सरळ घशात. मुलाने किंचित खाली बघायचं, स्वतःच्या पायाच्या बोटांकडे. मोठ्या माणसाने समोर गुडघ्यावर बसावं म्हणजे हात खालून येतो आणि कोन आपोआप नीट लागतो.

टोक नाकपुडीत जेमतेम आत, अर्धा-एक सेंटिमीटर. आता दिशा: मधल्या पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे किंवा कानाकडे. ज्या सुजलेल्या मांसल घड्यांवर औषध पडायला हवं त्या बाहेरच्या भिंतीवर असतात. मूल स्वतः मारत असेल तर उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा. हात बदलला की टोक पडद्याकडे वळूच शकत नाही. सगळ्या युक्त्यांत ही एक सर्वांत कामाची. पालक समोरून मारत असतील तर हात बदलण्यावर विसंबू नये, नजर मुलाच्या कानावर ठेवावी.

पंप एकदम आणि पूर्ण दाबायचा. अर्धवट दाबलेला पंप धुकं न सोडता पिचकारी मारतो. दाबताना मुलाने फूल हुंगावं तितका हलका श्वास घ्यायचा. जोरात सूं करून ओढलं की औषध थेट घशात. तोंडात कडवट चव आली तर समजावं की श्वास जोराचा झाला किंवा मान मागे गेली. धाप न लावता तोंडाने श्वास सोडायचा, मग दुसरी नाकपुडी. पुढची काही मिनिटं शिंकरायचं नाही. गळलंच तर वरवर पुसायचं.

फार लहान मुलाला हुंगणं जमत नाही. त्याला श्वास घ्यायला सांगूही नये. तोंड उघडं ठेवून शांत उभं राहिलं तरी पुरे, कारण धुकं भिंतीवर बसायला श्वासाची फारशी गरज नसते. रडणाऱ्या मुलाच्या नाकात मारू नये. रडताना नाक पाण्याने भरलेलं असतं, मान हलत असते, आणि टोक पडद्यावर आपटतं. दहा मिनिटांनी मारल्याने काही बिघडत नाही. आधी एक-दोन दिवस टोपणासकट बाटली नाकाला लावून खेळ केला, तर खऱ्या दिवशी झगडा कमी होतो. वेळ दात घासण्याला जोडलेली बरी. सकाळ की रात्र याला महत्त्व नाही, रोज एकच वेळ याला आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मारू नये.

काय बिघडतं आणि का

घोळणा फुटणं ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार. तिचं कारण बहुतेक वेळा औषधापेक्षा कोनात असतं. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं त्वचेच्या अगदी लगत असतं; रोज त्याच जागी फवारा बसला की ती जागा कोरडी पडते, खपली धरते, मूल खपली काढतं आणि रक्त येतं. शिंकरल्यावर रक्ताची रेघ दिसली की दोन-तीन दिवस स्प्रे थांबवावा, मिठाच्या पाण्याने किंवा त्याच्या जेलने नाक ओलं ठेवावं, आणि पुन्हा सुरू करताना दिशा तपासावी. रक्त येत असताना मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं चिमटीत धरावा; मध्ये सोडून बघू नये. वारंवार आलं, किंवा नाकातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर डॉक्टरांनी आतून पडदा पाहायलाच हवा. पडद्याला भोक पडणं हा दुर्मिळ पण खरा धोका आहे.

टोक चोंदणं ही दुसरी. फवारा फुटत नाही म्हणून सुई किंवा टाचणी घालण्याचा मोह होतो. घालू नये. छिद्र मोठं झालं की धुकं जाऊन धार येते आणि मात्रेचा हिशेब कायमचा संपतो. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन प्रोपियोनेटच्या बाटलीचं टोक काढून नळाच्या पाण्याने धुवावं, पूर्ण वाळवावं, बसवून दोन-तीनदा हवेत मारावं. बाजूच्या बटणाच्या बाटलीला पाणी लावायचं नाही, कोरड्या स्वच्छ कागदी रुमालाने टोक आणि टोपणाची आतली बाजू पुसायची. आणि एक बाटली एका नाकाची. भावंडांत वाटली की सर्दीही वाटली जाते.

गुणच येत नाही, ही तिसरी. मात्रा वाढवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. रोज घेतला का, की आठवेल तेव्हा? बाटली हलवली का? नाक इतकं बंद आहे का की धुकं आत जातच नाही? आणि मुळात ही ॲलर्जी आहे का? लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, बी, स्पंजाचा तुकडा असं काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. रोज घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, सतत उघडं तोंड यामागे नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथी असू शकतात. नाकात द्राक्षासारखा फुगवटा दिसला तर मुलांत त्याचा वेगळा तपास करावा लागतो. ताप, चेहऱ्याचं दुखणं, डोळ्याभोवती सूज असेल तर स्प्रेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

कुणी थांबून विचारावं

दम्याचा पंप, इसबाचं मलम आणि नाकातला स्प्रे हे तिन्ही बऱ्याचदा एकाच मुलाच्या वाट्याला येतात, आणि तिन्ही स्टिरॉइड असू शकतात. प्रत्येक डॉक्टरला फक्त आपलंच औषध दिसतं. बेरीज पालकांनाच समोर ठेवावी लागते. तीनही डबे सोबत नेणं हा साधा उपाय. नेहमीचं औषध मनाने बंद करणं मात्र त्याहून वाईट, विशेषतः दम्याचं.

काही औषधं फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड यांना यकृतात तुटूच देत नाहीत: एचआयव्हीसाठीची रिटोनाविर व कोबिसिस्टॅट, बुरशीसाठीची किटोकोनाझोल व इट्राकोनाझोल. यांच्या सोबतीने अर्धा टक्क्याचं गणित कोलमडतं आणि साधा नाकातला स्प्रे तोंडाने स्टिरॉइड घेतल्यासारखा वागू शकतो.

नाकाची शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा झाली असेल तर ती भरून येईपर्यंत स्प्रे नको. डोळ्याला नागिणीच्या जातीचा संसर्ग, नाकात उपचार न केलेला संसर्ग, प्रतिकारशक्ती दबलेली असताना कांजिण्या किंवा गोवराच्या रुग्णाचा सहवास, यांतही आधी विचारावं. लांबवर वापरणाऱ्या मुलाला धूसर दिसत असेल, किंवा घरात काचबिंदूचा इतिहास असेल, तर डोळे तपासून घ्यावेत.

स्प्रेऐवजी मॉन्टेलुकास्टची चघळायची गोळी बरी, असंही ऐकू येतं, कारण ती मुलाला द्यायला सोपी. ती स्टिरॉइड नाही हे खरं. पण तिच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये लेबलवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा द्यायला लावला आहे. साध्या नाकाच्या ॲलर्जीला इतर उपाय चालत असताना तिला पहिलं स्थान नाही. किरकोळ, अधूनमधूनच्या त्रासाला सेटिरिझिन किंवा लोराटाडिन यांसारखं ॲलर्जीचं गोळी-सिरप पुरतं, आणि तिथे स्प्रे सुरूच करायची गरज नसते.

बाटली कधी संपली म्हणायची

बाटली हलवल्यावर आत पाणी वाजतं, म्हणून ती चालू ठेवली जाते. पण लेबलवर लिहिलेले फवारे, बहुधा १२० किंवा ६०, संपले की पंप पूर्ण मात्रा उचलत नाही. पाणी दिसतं, धुकंही निघतं, औषध मात्र पुरेसं नसतं. 'आधी लागू पडत होता, आता पडत नाही' या तक्रारीमागे अशी बाटली हमखास तपासावी. चालू केल्याची तारीख बाटलीवरच पेनाने लिहावी. उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते आणि ती काही उत्पादनांना दोनच महिने आहे.

रोज दोन्ही नाकपुड्यांत मिळून दोन फवारे, तर १२० फवाऱ्यांची बाटली ६० दिवस जाते. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्प्रेंवर लहान मुलांसाठी सूचना आहे ती जवळपास याच मुदतीची: वर्षात दोन महिन्यांहून जास्त लागला तर डॉक्टरांशी बोला. म्हणजे पहिली बाटली रिकामी झाली की दुसरी आणण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यायची. जाताना लिहून ठेवलेली उंची, बाटलीवरची तारीख आणि तीनही औषधांचे डबे सोबत न्यावेत, आणि तिथेच मुलाकडून एक फवारा मारून दाखवून घ्यावा.